मदत हवी आहे: लिव्ह अँड लायसन्सवरचा फ्लॅट पोटभाड्याने देता येईल का?

नमस्कार मंडळी,
पुण्यात फ्लॅट आहे, २४ महिन्यांचा रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करार. १२ महिने शिल्लक, लॉक-इन (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) १८ महिन्यांचा. भाडं १९,००० रुपये, डिपॉझिट १,२०,००० रुपये. बदलीमुळे वर्षभर बंगळुरूला जायचंय, म्हणून फ्लॅट ऑफिसातल्या सहकाऱ्याला द्यायचा विचार आहे. घरमालक नागपूरला असतात, फोनवर "चालेल" म्हणाले. मी आणि सहकारी, आमच्या दोघांत ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतली तर पुरेल का?

प्रतिसाद १
नाही पुरणार. तुमच्याकडे भाडेपट्टा नाही, लायसन्स आहे, म्हणजे फक्त वापरायची परवानगी. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ५६ नुसार ती सहसा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. भाडेकरू असतात तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २६ आडवं आलं असतं: करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि बेकायदा ठेवला तर कलम १६ खाली घर खाली करवून घ्यायला मालकाला तेवढं कारण पुरतं. "चालेल" हा शब्द उद्या वाद झाला तर तुम्ही सिद्ध कसा करणार?
नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच. ती जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. सरळ मार्ग सांगतो: जुना करार संपवा आणि मालक व सहकारी यांच्यात थेट नवा करार होऊ द्या. मालकांना पटवायला मुद्दा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली मुदत संपूनही राहणाऱ्या लायसन्सधारकाला सक्षम प्राधिकारी (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) बाहेर काढू शकतो आणि दुप्पट लायसन्स फी वसूल होते. हे संरक्षण राहण्यासाठी दिलेल्या जागेलाच आहे, दुकानाला नाही. तुमच्या नोटरीच्या कागदाने मालकांच्या हाती यातलं काहीच येत नाही.

खर्च: १९,००० गुणिले १२ = २,२८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून १२,०००. एकूण २,४०,०००, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे ६०० रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ई-नोंदणीत अंगठे लागतात, मालक तिकडूनच देऊ शकतात.

धागाकर्ता
डिपॉझिट आणि लॉक-इनचं काय करायचं?

प्रतिसाद २
गोंधळ इथेच होतो. सहकाऱ्याकडून डिपॉझिट स्वतःकडे घेऊ नका. त्याने मालकांना द्यावं, मालकांनी तुमचं तुम्हाला परत करावं, दोन्ही बँकेतूनच. जुना करार रद्द करण्याच्या लेखात स्पष्ट लिहून घ्या: "लॉक-इनपोटी कोणतीही रक्कम येणे राहिलेली नाही, डिपॉझिट पूर्ण परत मिळाले, ताबा अमुक तारखेला दिला." त्याच दिवशी मीटरचं रीडिंग, भिंतींवरचे ओलीचे डाग, गीझर, नळ यांचे फोटो काढा आणि तिघांच्या ग्रुपवर टाका. हे राहिलं की आधीच्या नुकसानीचे पैसे कोणाच्या डिपॉझिटमधून कापायचे, यावरून हमखास भांडण होतं.

प्रतिसाद १
मालक नव्या कराराला तयारच नसतील तर निदान लेखी संमती घ्या आणि तिघांच्या सह्यांचा करार नोंदवा. त्याची मुदत मूळ कराराच्या शेवटच्या तारखेपुढे एक दिवसही नको. पण मग सहकाऱ्याने भाडं थकवलं तर मालक तुमच्याकडेच मागतील, हे धरून चाला. कोणताही मार्ग घ्या, पोलिसांकडे नव्या माणसाची माहिती आणि सोसायटीला कराराची प्रत चावी देण्याआधी गेली पाहिजे.