बरं वाटलं म्हणजे लाइमच होता का?

एएलएस म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार, आणि लाइम म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जिवाणूसंसर्ग. 'एएलएसच्या रुग्णाला सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकने बरं वाटलं, म्हणजे मुळात लाइमच असणार' हा तर्क मला पटत नाही. लाइम मज्जासंस्थेपर्यंत पोचतो हे खरंच आहे. गोचिडीतून शिरलेला बोरेलिया जिवाणू चेहऱ्याचा पक्षाघात, मेंदूच्या आवरणाचा दाह, रात्री झोपू न देणाऱ्या मज्जामुळांच्या कळा असं बरंच काही घडवतो. युरोपातली बोरेलिया गारिनी ही प्रजाती तर त्यासाठीच ओळखली जाते. अशा रुग्णांना डॉक्सिसायक्लिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोनचा दोन-तीन आठवड्यांचा कोर्स बहुधा पुरतो.

पण सेफ्ट्रिअॅक्सोन फक्त जिवाणूच मारत नाही. ते मेंदूतला जास्तीचा ग्लुटामेट (चेतापेशींमधला संदेशवाहक रेणू, जास्त साचला तर त्यांनाच घातक) उचलून नेणारं प्रथिन वाढवतं, असं २००५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे जिवाणू नसतानाही त्याचा चेतापेशींवर परिणाम होऊ शकतो. याच आशेने एएलएसच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, आणि दुर्दैवाने फायदा दिसला नाही.

लाइमच्या उपचारांनंतरही ज्यांना थकवा, वेदना, विस्मरण उरतं त्यांचा त्रास खोटा नाही, हे मला ठासून सांगायचंय. पण २००१ मध्ये संशोधक क्लेम्पनर यांनी अशाच रुग्णांना ९० दिवस अँटिबायोटिक देऊन पाहिलं, प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळी-इंजेक्शनपेक्षा) फरक पडला नाही. २०१६ च्या डच चाचणीतही तेच. उलट महिनोन्महिने शिरेत नळी ठेवली की रक्तात संसर्ग, गुठळ्या, सेफ्ट्रिअॅक्सोनने पित्ताशयात खडे, हे धोके खरे आहेत.

तेव्हा निदानाची शंका असेल तर आधी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून त्यात बोरेलियाविरोधी प्रतिपिंडं तयार होताहेत का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा.