‘एटिओप्लास्ट’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न (खानापूर): पुतणी पियुसीला आहे, सायन्स सगळं इंग्रजीतून. ‘क्लोरोप्लास्ट’ला हरितलवक हे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलीय, पण ‘एटिओप्लास्ट’पाशी अडलीय. ‘पीतलवक’ म्हटलं तर चालेल का?

निपाणीहून: नको. फुलाफळांतल्या रंगीत लवकांना वर्णलवक म्हणतात, त्यांतलीही बरीच पिवळीच असतात. घोळ होईल.

बेळगावहून: पुतणीला घटाचं धान आठवायला सांगा. देव्हाऱ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उगवलेलं, लांब, लुसलुशीत आणि फिकट पिवळं, दसऱ्याला टोपीत खोवतो तेच. त्या कोंबांतली लवकं हरितलवक होण्याच्या अर्ध्या वाटेवर थांबलेली असतात, तीच एटिओप्लास्ट. आत पापुद्र्यांऐवजी बारीक नळ्यांची जाळी असते. हरितद्रव्याच्या एक पायरी अलीकडचा पदार्थ, प्रोटोक्लोरोफिलाइड, तिथं एका एन्झाइमला धरून तयार असतो. गंमत अशी, की या एन्झाइमला कामासाठी प्रकाशच लागतो. उजेड पडताच क्षणात पुढचं रूपांतर होतं, मग जाळी मोडून पापुद्रे पसरतात आणि काही तासांत पात हिरवी दिसू लागते. पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा, तो अंधारातही असतोच. मात्र फार दिवस अंधारात वाढलेलं रोप एकदम कडक उन्हात काढू नका, करपतं. साठलेलं प्रोटोक्लोरोफिलाइड जादा झालं की उन्हात पेशींनाच बाधतं.

अंधारातल्या अशा वाढीला ‘पांडुरता’ म्हणतात, म्हणून मी ‘पांडुरलवक’ म्हणेन.

चिकोडीहून: पांडुर ऐकलं की लोकांना आधी पांडुरोग आठवणार! आमच्याकडं तरवा पिवळा पडला की नत्र कमी पडलं म्हणतात, तसंच हेही दुखणं वाटेल.

बेळगावहून: तरव्यात असलेला हिरवेपणा जातो, इथं तो अजून आलेलाच नसतो. म्हणून कोंबाला ‘पिवळा पडला’ म्हणू नये, ‘पिवळाच उगवला’ म्हणावं. शब्दाला मात्र तुमची हरकत रास्त आहे. वहीत एकदा ‘पांडुरलवक (एटिओप्लास्ट)’ लिहावं, पुढं नुसतं एटिओप्लास्ट.

निपाणीहून: पाइनचं काय? त्याचं रोप अंधारातही हिरवं निघतं म्हणतात.

बेळगावहून: निघतं. त्याच्याकडं प्रकाशावाचून चालणारं दुसरं एन्झाइमही आहे. गहू, जोंधळा, भात अशा सपुष्प झाडांकडं ते नाही.