बेसी स्मिथच्या तबकडीवर बुरशी

प्रश्न (रत्नागिरी): अमेरिकन ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या ‘सेंट लुईस ब्लूज’च्या लाखेच्या तबकडीला पावसाळ्यात बुरशी आलीय. स्पिरिटने पुसू का? आवाजही दबका, खरखरीत येतो.

मालवण: स्पिरिट अजिबात नको! लाख विरघळते. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवा. लेबल कोरडं ठेवा. सावलीत उभी वाळवा, उन्हात वाकते.

देवगड: सुई ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावा. एलपीची (नंतरच्या विनाइल तबकडीची) बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते, खरखर त्याचीच. दबकेपणा मात्र मूळचा: जानेवारी १९२५चं ध्वनिमुद्रण भोंग्यासमोरचं, माइकशिवाय. त्यातूनही गळा कसा पोचतो बघा! साथीला चक्क हार्मोनियम. ओळ संपली की लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) जागा भरतो. जाझ गायिका बिली हॉलिडे बेसीलाच ऐकत घडली.

मालवण: आणि रॉक गायिका जेनिस जॉप्लिनही. बेसीच्या १९३७पासून नाव नसलेल्या कबरीवर १९७०मध्ये दगड बसला, त्याला जेनिसनेही पैसे दिले.