प्रॉडक्शनच्या लोड लायब्ररी (चालवायला तयार प्रोग्रामांचे संच) एलएलएखाली आणाव्यात का?

धागाकर्ता: माझं मत सरळ आहे, आणायलाच हव्यात. झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) रात्रीच्या बॅचमध्ये तेच ते प्रोग्राम सारखे लोड होतात, आणि स्टेपलिबमध्ये (जॉबने प्रोग्राम आधी जिथे शोधायचे त्या लायब्ररींची यादी) पाच-सहा लायब्ररी लावल्या असतील तर दरवेळी ओळीने एकेकीची डिरेक्टरी डिस्कवर शोधायची, सापडलं की मॉड्यूल डिस्कवरून वाचायचं. एलएलए (लायब्ररी लुकअसाइड) डिरेक्टरी मेमरीत धरून ठेवतं आणि जास्त लागणारी मॉड्यूल्स व्हीएलएफच्या (डेटा मेमरीत जपून ठेवणारी सुविधा) डेटा स्पेसमध्ये. लिंकलिस्टला (सगळ्या सिस्टिमसाठी शोधल्या जाणाऱ्या लायब्ररी) हे मिळतंच, आपल्या लायब्ररी मात्र सीएसव्हीएलएलए या एलएलएच्या सेटिंगच्या मेंबरमध्ये हाताने लिहाव्या लागतात, आणि तेवढंच राहून जातं.

प्रतिसाद १: पूर्ण विरोध. फ्रीझवर (डिरेक्टरी फक्त मेमरीतलीच बघायची) ठेवलेल्या लायब्ररीत नवीन मॉड्यूल टाकलं आणि एलएलए अपडेट विसरलं तर जुनंच चालतं. मी अख्खी रात्र यात घालवलीये, सोर्स बरोबर, लोड बरोबर, आऊटपुट चुकीचं! आणि कुणी कॉम्प्रेस (मॉड्यूल्स सरकवून रिकामी जागा मोकळी करणं) मारला तर एलएलएकडचे पत्ते जुने, डिस्कवर तिथे भलतंच काहीतरी, मग अबेंड, म्हणजे जॉब मध्येच कोसळतो.

प्रतिसाद २: एवढा खटाटोप कशाला, स्टोरेज कंट्रोलरला कॅश आहेच की. फारच वापर असेल तर एलपीएत (सगळ्या जॉब्सना सामायिक असलेला मेमरीचा भाग) टाका, लोड करायचा प्रश्नच मिटला.

धागाकर्ता: @२ कंट्रोलरच्या कॅशमधून आलं तरी आय/ओ होतोच ना, तो करायला सीपीयू लागतो आणि जॉब तेवढा थांबतो. एलपीएला मॉड्यूल रीएंट्रंट (एकाच वेळी अनेकांना वापरता येणारं) हवं, कॉमन स्टोरेज सगळ्यांच्या वाट्यातून जातं, शिवाय स्टेपलिब एलपीएच्या आधी शोधली जाते, तिथे कॉपी राहिली तर एलपीएतली कोण विचारतो?
@१ तुमचा त्रास खरा आहे. पण नोफ्रीझ आहे की, डिरेक्टरी डिस्कवरून वाचली जाते, नवीन व्हर्जन लगेच दिसतं, मॉड्यूल तरीही व्हीएलएफमधून मिळू शकतं. अर्धा फायदा, पण मोठा अर्धा. फ्रीझच हवं असेल तर डिप्लॉयच्या जॉबमध्येच अपडेटची कमांड घाला, माणसाच्या आठवणीवर सोडूच नका.

प्रतिसाद ३: आणि मॅक्सव्हर्ट (व्हीएलएफला किती मेमरी द्यायची ते) बघा आधी! काही दिलं नाही तर ४०९६ ब्लॉक, म्हणजे फक्त १६ एमबी. मग नवीन मॉड्यूल आलं की जुनं बाहेर, आणि लोक म्हणतात एलएलएने काही फरक पडला नाही. एसएमएफ (सिस्टिमच्या कामाच्या नोंदी) ४१ सबटाइप ३ काढा, किती वेळा शोधलं आणि किती वेळा सापडलं ते कळतं.

प्रतिसाद १: नोफ्रीझपुरतं मान्य, करून बघतो. फ्रीझ मात्र लायब्ररी पीडीएसईत (पीडीएस या जुन्या लायब्ररी-प्रकाराची सुधारित आवृत्ती) नेल्याशिवाय नाही, तिथे कॉम्प्रेस लागत नाही. आमच्या अजून सगळ्या साध्या पीडीएसच आहेत.