देवाची ‘वाट बघणे’, ‘प्रतीक्षा’ आणि मधल्या वेळेतलं काम, याला मराठीत शब्द आहे का?

होटगीरोड
रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात यावरनं चांगलीच जुंपली, म्हणून इथं विचारायलोय. बायबलातल्या स्तोत्र २७ चं शेवटचं वचन मराठीत ‘प्रतीक्षा कर’ असं आहे, आणि यशया ४० च्या शेवटी गरुडाचे पंख वगैरे येतं तिथं ‘आशा धरून राहणारे’ असं आहे. पाळकसाहेब म्हणले की मूळ हिब्रूत दोन्हीकडं एकच धातू आहे. मग मराठीत दोन शब्द का? आणि खरं सांगायचं तर माझा प्रश्न घरचाच आहे, डिग्री होऊन दोन वर्षं झाली, मावशी म्हणते प्रभूची वाट बघ बाळा, काका म्हणतात क्रियांवाचून विश्वास निर्जीव, याकोबाचं पत्र वाच. दोघं एकाच पंगतीत बसून हे बोलतात, मी नुसता भात कालवत बसतो. वाट बघणं म्हणजे काही न करणं, असा अर्थ मराठीत खरंच आहे का?

कोशकिडा
अर्थात तसा नाही, वापरात तसा झालाय. ‘वाट पाहणे’ फोडून बघा, वाट म्हणजे रस्ता, तो पाहायचा, म्हणजे डोळे तरी कामाला लावलेलेच आहेत. प्रतीक्षा पण तसलाच, प्रति अधिक ईक्ष्, ईक्ष् म्हणजे पाहणे. अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा, निरीक्षण सगळी त्याच घरातली भावंडं. तेव्हा मराठीचा दोष काढू नका. दोष असला तर ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या वृत्तीचा, आणि ती म्हण सुद्धा टोमणा मारायला आहे, उपदेश करायला नाही.

हिब्रू धातू ‘कावा’. त्याच घरातला ‘तिक्वा’ म्हणजे आशा, आणि गंमत म्हणजे यहोशवाच्या २ऱ्या अध्यायात राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते त्या दोरीलाही हाच शब्द आहे. त्यामुळं मूळ अर्थ दोरीसारखा ताण, पीळ असा काहीजण लावतात. उत्पत्तीच्या १ल्या अध्यायात पाणी एका जागी जमा होतं तिथंही तीच अक्षरं येतात, पण काही कोश तो वेगळा धातू धरतात, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नका.

मागवाला
पीळ म्हणलं की आम्हाला लगेच कळतंय! पिळाशिवाय सूत म्हणजे नुसता कापूस, ओढला की तुटला. आणि लाइट गेली की माग बंद पडतो ते खरं, पण म्हणून कोण घरी जातं का, तुटलेल्या तारा जोडून घ्यायच्या, खालचा कचरा झाडायचा, लाइट आली की बटण दाबायचं. लाइट आणणं आपल्या हातात नाही बे, तारा जोडणं आहे.

होटगीरोड
@मागवाला हे मी सांगणार आता काकांना. आमच्याकडं एका पाहुण्या वक्त्यांनी सांगितलं होतं की वेट म्हणजे वेटरसारखं, टेबलाजवळ उभं राहून सेवा करणे. ते बरोबर का?

कोशकिडा
ऐकायला गोड, पण ती इंग्रजीची कोटी आहे. हिब्रूत हॉटेल पण नाही आणि वेटर पण नाही. मराठीत संदेश देताना इंग्रजी शब्दाच्या खिशातनं अर्थ काढायचा हे मला पटत नाही. सेवेचा मुद्दा खोटा आहे असं नाही, फक्त तो या शब्दातनं निघत नाही.

नेमकं उदाहरण पाहिजे तर यिर्मया २९ घ्या. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना पत्र येतं, ७० वर्षं पुरी झाल्यावर परत आणीन. आणि तोवर? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या परक्या शहराचं भलं बघा. नहेम्या ४ पण वाचा, भिंत बांधताना शत्रू आले तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि पहारा बसवला, दोन्ही एकाच वाक्यात. मधे ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे.

कोरडवाहू
उशिरा आलो, शेतात होतो. मी ख्रिस्ती नाही पण शब्द मागितलाय म्हणून सांगतो, शब्द आहे, वाफसा. आमच्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही, चिखल पाभरीला, म्हणजे पेरायच्या अवजाराला, धरतो. फार थांबलं तर वरचा थर वाळून जातो. मधे जी ओल आणि हवा बरोबर जुळते तो वाफसा. मूठभर माती दाबून लाडू करायचा, वरनं टाकायचा, फुटला तर वाफसा आला, चपटा झाला तर अजून थांबा. हा वाफसा आपण आणू शकत नाही, पण शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, रान जूनपासनं मोकळं ठेवून कुळवाच्या पाळ्या कोण घालतो, माती भुसभुशीत कोण करतो? आपणच ना. बी, पाभर, बैल नाहीतर ट्रॅक्टर सगळं तयार लागतं, कारण वाफसा आला की चार-पाच दिवसात उरकायला लागतं. पाळ्या न घालता बसलेल्याला आमच्याकडं वाट बघणारा म्हणत नाहीत, आळशी म्हणतात.

आणि एक, पंढरपूर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. तिथं उलटंच, पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, म्हणून देवालाच विटेवर थांबावं लागलं. कोण कुणाची वाट बघतंय ते बघा!

कोशकिडा
वा, वाफसा. हे मला सुचलं नसतं. याकोबाच्याच पत्रात ५व्या अध्यायात शेतकरी येतो, पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत धीर धरणारा. फक्त तिकडचा पहिला पाऊस आपल्या दिवाळीच्या आसपास पेरणीसाठी, आणि शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरायला, तो आपल्या मृग-हस्ताशी जुळवू नका. म्हणजे होटगीरोड, तुमच्या काकांचं वचन आणि मावशीचं वचन एकाच पत्रात निघतं, अध्याय २ आणि अध्याय ५. भात गार होऊ देऊ नका.

केडगावलाइन
भाषांतराचा विषय निघालाच आहे तर पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांचं केडगाव आपल्याच सोलापूर-पुणे लाइनीवर, दौंडच्या पुढं. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईंनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि हे करताना एकीकडं १८९६-९७ च्या दुष्काळात आणलेल्या मुलींना सांभाळणं, शेती, छापखाना सगळं चालू. १९२२ ला गेल्या, पुस्तक १९२४ ला निघालं, म्हणजे पूर्ण छापलेलं त्यांनी बघितलंच नाही. वाट बघणे शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर मी कोश न उघडता हेच सांगतो.

होटगीरोड
सगळ्यांचे आभार. संघात पुढच्या रविवारी ‘वाफसा’ हाच विषय घेतोय, तोवर दोन फॉर्म भरायचे राहिलेत ते भरतो. एक शंका, बार्शीकडची आजी ‘वापसा’ म्हणते, प की फ?

कोरडवाहू
दोन्ही चालतंय. आमच्यात पण बाप फ म्हणतो, चुलता प म्हणतो, पेरणी एकाच दिवशी करतात.