मोफा जिवंत आहे, की नुसता गाडायचा राहिलाय?

तळटीप (धागाकर्ता)

महाराष्ट्रात नव्या फ्लॅटच्या एकाच व्यवहाराला दोन कायदे लागतात, राज्याचा १९६३ चा मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट) आणि संसदेचा २०१६ चा रेरा (रिअल इस्टेट रेग्युलेशन अँड डेव्हलपमेंट अ‍ॅक्ट). करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरने किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, असं मोफा सांगतो. रेराच्या कलम १३ मध्ये हीच मर्यादा १० टक्के आहे.

राज्यघटनेचं कलम २५४ म्हणतं, समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा, विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो तेवढ्यापुरता शून्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल तर तो त्या राज्यात टिकतो, पण पुढे संसद नवा कायदा करून त्यालाही मागे सारू शकते.

माझं म्हणणं साधं आहे. विधिमंडळाने मोफा रद्द करावा, त्यातलं हवं ते नियमांत घ्यावं. 'विशेष कायदा सामान्यावर भारी', 'नंतरचा आधीच्यावर भारी' ही सूत्रं वकिलांच्या कामाची. दोन्ही कायदे विशेष निघाले की पहिलं सूत्र तिथेच संपतं.

खडूस

साफ असहमत. दहा टक्क्यांवर थांबलेला बिल्डर दोन्ही कायदे पाळतो. मग विसंगती कुठली? एक पाळला की दुसरा मोडतोच, अशी अवस्था आली तर बोला.

आणि रेरा स्वतः काय म्हणतो? कलम ८८ : हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना कमी करणारा नाही. कलम ८९ : विसंगती असेल तिथे रेरा वरचढ. दोन्ही एकत्र वाचा. शिवाय कलम ९२ ने महाराष्ट्राचा २०१२ चा गृहनिर्माण कायदा नाव घेऊन रद्द केला. मोफाचं नाव घेतलं नाही. एका घरातल्या दोघांपैकी एकालाच बाहेर काढलं, तर दुसऱ्याला ठेवायचंय असाच अर्थ होतो ना?

तळटीप

'दोन्ही पाळता येतात' एवढी एकच कसोटी नाही हो. पश्चिम बंगालने रेराऐवजी स्वतःचा कायदा केला होता, बराचसा रेराचीच नक्कल. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२१ ला तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे वेगळेपणामुळेच कायदा पडतो असं नाही, तोच विषय संसदेने पूर्ण व्यापला असेल तर सारखेपणामुळेही पडतो. वर न्यायालयाने सांगितलं की बंगालचा १९९३ चा जुना कायदाही आता पुन्हा जिवंत होत नाही, रेरा आल्यावर त्याचं गर्भित निरसन झालंय, म्हणजे तसं न लिहिताही तो रद्द झालाय. मोफाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मणभर

थोडं अवांतर, पण धाग्याला धरून. १९५४ चा झवेरभाई अमायदास विरुद्ध मुंबई राज्य हा निकाल. माणसाने परवान्याशिवाय १५ मण ज्वारी हलवली. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत होती, १९५० च्या केंद्रीय दुरुस्तीत त्याहून कमी. गंमत अशी की आरोपीच म्हणत होता, मला कडक कायदा लावा! कारण सात वर्षांचा गुन्हा असेल तर त्या दंडाधिकाऱ्याला खटला चालवण्याचा अधिकारच उरत नव्हता. न्यायालय म्हणालं, विषय तोच आहे, राज्याचा कायदा गेला. रद्द केल्याचं संसदेने कुठे लिहिलं नव्हतं. खडूस, तुमचा कलम ९२ चा मुद्दा इथे लंगडा पडतो.

खडूस

लंगडा असेल, पण चालतो. तिथे संसद गप्प होती, इथे ती बोलली आहे. रेराचं कलम १७ बघा. अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून देणं) भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांत करायचं, पण कधी? 'स्थानिक कायदा नसेल तर'. केंद्राचा कायदाच राज्याच्या कायद्याला पुढे बसवतोय, म्हणजे सगळा विषय त्याने व्यापलेला नाही. आणि शिक्षेचं काय? कराराशिवाय जास्त पैसे घेतले तर रेरात प्रकल्पखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड, मोफात तीन वर्षांपर्यंत कैद. मोफा रद्द झाल्यावर पेढे कोण वाटेल, सांगायला नको.

तळटीप

कलम १७ मान्य. तेवढा भाग टिकतो. २० टक्क्यांचं कलम मात्र मला अजून मेलेलंच वाटतं.

गच्चीवाली

मी वकील नाही, सोसायटीची सेक्रेटरी आहे. आमचा बिल्डर जमीन नावावर करून देईना, म्हणून आम्ही मोफाच्या कलम ११ खाली, म्हणजे २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने सही न करताही सरकारी आदेशाने मालकी मिळण्यासाठी), जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला. सुनावणीत त्याच्या वकिलाने तळटीप यांचाच युक्तिवाद केला : रेरा आला, मोफा संपला. आदेश आमच्या बाजूने झाला. तळटीप, रद्द करायचा तर आधी ते कलम ११ कुठे नेऊन ठेवणार ते सांगा. 'नियमांत घ्यावं' म्हणालात, पण मूळ कायद्यात आधार नसेल तर नियम कशावर उभा राहणार?

तळटीप

हा प्रश्न मी सोडला होता. रद्द न करता दुरुस्ती करावी लागेल. कलम ११ ठेवून बाकीचं काढायचं. उद्या मसुदा टाकतो, खडूस यांनी झोडपावा.

खडूस

झोडपतो. तुरुंगाचं कलमही ठेवा म्हणजे झालं.