जवान, ट्वेल्थ फेल आणि टाकीचा वॉल्व्ह

सोसायटीचा ग्रुप, देवपूर, धुळे
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

डॉक्टर (बी-१०१), ७:१२: शाहरुखला नॅशनल अवॉर्ड!!! 'जवान'साठी. ३३ वर्षं वाट पाहिली भो. आज लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला पेढा.

टिनू (सी-३०१): काका, अर्धाच पेढा. बेस्ट अ‍ॅक्टर दोघांत वाटून दिलाय. उरलेला अर्धा 'ट्वेल्थ फेल'वाल्या विक्रांत मॅसीचा.

डॉक्टर: दोन पेढे आणतो. तू खाली तर ये.

बापू सेक्रेटरी: उद्या नळाला पाणी आहे. सी विंगच्या टाकीचा वॉल्व्ह रात्री झोपायच्या आधी बंद करावा. मागच्या वेळी गच्चीवरून धबधबा सुरू होता. ग्रुप सूचनांसाठी आहे, कृ. नोंद घ्यावी.

टिनू: 'जवान'नं जगभरात ११०० कोटींच्या वर गल्ला केला. आता नॅशनलवालेही गल्ला बघून बक्षीस द्यायला लागले का?

डॉक्टर: म्हणजे पिच्चर चालला की अभिनय आपोआप वाईट? हे कोणतं शास्त्र?

काकू (ए-३०३): आणि बेस्ट अ‍ॅक्ट्रेस राणी मुखर्जीचं कोणीच बोलणार नाही का? पोरांसाठी आख्ख्या सरकारशी भांडते ती 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे'मध्ये. मी इतकी रडले की शेवभाजीत मीठ टाकायचं राहिलं.

मीनाताई (बी-२०४): मराठीचं तर कोणी वाचलंच नाही. 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट. 'नाळ २'च्या तिन्ही लेकरांना बालकलाकाराचा पुरस्कारसुद्धा आहे.

डॉक्टर: ताई, अभिनंदन त्यांचंही. पेढे वाढवावे लागतील.

आबा (ए-१०२), ७:४०: डॉक्टरसाहेब, पेढा मी घेईन. पण टिनूचा आकडा आधी फोडतो. माझी २९ वर्षं टॉकीजच्या तिकीट खिडकीत गेली, त्यामुळे कोटी म्हटलं की माझा हात आपोआप डी.सी.आर.कडे जातो. नव्या पोरांसाठी सांगतो, डी.सी.आर. म्हणजे डेली कलेक्शन रिपोर्ट. रात्रीचा शो सुटला की किती तिकिटं फाटली, कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत, बाल्कनी किती, स्टॉल किती, सगळं कार्बन घालून लिहायचं. वितरकाचा माणूस शेजारी स्टुलावर बसलेला. तो आधी तिकिटाची अधपुटं मोजायचा, मग चहा प्यायचा. उलटं कधी झालं नाही.

तर ११०० कोटी हा ग्रॉस. म्हणजे लोकांनी खिडकीवर टाकलेला सगळा पैसा. तू २०० रुपयांचं तिकीट काढलं तर त्यात १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तीसेक रुपये सरकारचे. राहिले १७०. मल्टिप्लेक्स पहिल्या आठवड्यात त्यातले निम्मे वितरकाला देतं, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. २००९ साली निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सला पिच्चरच दिले नव्हते, दोन महिने भांडण चाललं, त्यातून ही वाटणी ठरली. तुझ्या २०० मधले निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात जेमतेम ८५. त्यातून जाहिरात, वितरकाचं कमिशन. मोबाईलवर '१०० कोटी पार' वाचलं की लोकांना वाटतं घरी पोती गेली.

टिनू: आबा, हे माहीतच नव्हतं. म्हणजे जितका जास्त आठवडे चालेल तितका निर्मात्याचा वाटा कमी?

आबा: बरोबर. म्हणून मोठ्या पिच्चरवाल्याला पहिल्या तीन दिवसांत सगळं उपसायचं असतं, चार हजार पडद्यांवर एकदम. आणि जो पिच्चर हळूहळू तोंडातोंडी पसरतो, त्याला माणसं येतात तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा वाटा उतरलेला असतो. 'ट्वेल्थ फेल' असाच चढला. ऑक्टोबर २०२३ ला लागला आणि नवीन वर्ष उजाडलं तरी चालूच होता.

टिनू: स्पर्धा परीक्षेवरचा तो पिच्चर मी पुण्यात पाहिला. आमच्या रूमवर साक्रीचा एक जण एमपीएससी करत होता, चार अटेम्प्ट झालेले. इंटरव्हलला तो बाहेरच आला नाही. अंधारात बसून राहिला. समोसा नेऊन दिला तर म्हणे "ठेव तठे".

काकू: पास झाला का तो?

टिनू: नाही काकू. साक्रीला कृषी केंद्र टाकलं. बरं चाललंय.

मीनाताई: आबा, तुमचा मुद्दा काय? शाहरुखला द्यायला नको होतं?

आबा, ८:०५: माझं म्हणणं एवढंच की पुरस्काराचा उपयोग कोणाला होतो ते बघा. अभिनयाच्या रजतकमळासोबत रोख रक्कम २ लाख. शाहरुखच्या एका दिवसाच्या चहापाण्याची ती रक्कम असेल, ते सोडा. पण ज्या पिच्चरला पडदाच मिळाला नाही, त्याला 'राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त' ही ओळ पोस्टरवर लागली की थिएटरवाला निदान दारात उभा करतो. 'श्वास'चं आठवा. २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं तेव्हा किती जणांनी नाव ऐकलं होतं? आणि मराठीला ते मिळत होतं तब्बल ५० वर्षांनी. त्याआधीचं एकच, अत्र्यांचा 'श्यामची आई'. १९५३ चा पिच्चर, देशातलं पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक. 'श्वास' आमच्याकडे लागला तेव्हा मॅटिनीला बाया येत होत्या नातवंडांना घेऊन, पदराला डोळे पुसत बाहेर पडायच्या. त्याआधी मॅटिनीला फक्त पोलीस लाईनीतले चार जण आणि एक झोपायला येणारा.

भरल्या पंगतीत पुन्हा वाढण्यात काय पुण्य? ज्याच्या पत्रावळीवर काही पडलं नाही तिकडे वाढप्यानं जावं.

मीनाताई: 'श्वास' ऑस्करला पाठवायचा होता तेव्हा आमच्या शाळेत डबा फिरवला होता. पोरांनी रुपया-दोन रुपये टाकले. एका पोरीनं केळीच्या वेफरचं पाकीट टाकलं, पैसे नव्हते म्हणून.

डॉक्टर, ८:१४: आबा, तुमचा मान राखून सांगतो, हे मला पटत नाही. पुरस्कार म्हणजे दारिद्र्यरेषेचं कार्ड आहे का? गरजूंना आधी, असं? 'सर्वोत्कृष्ट अभिनेता' लिहिलंय ना, मग ज्याचं काम चांगलं त्याला. पिच्चर चालला हा त्याचा गुन्हा नाही. गरीब पिच्चरला पडदा मिळत नसेल तर पडदे द्या. पदक देऊन काय होणार?

आबा: हे मात्र बरोबर बोललात.

आबा: पण 'जवान'चंच काम चांगलं का? 'स्वदेस'चं नव्हतं? 'चक दे'चं?

डॉक्टर: ... ते तर मीही म्हणतो. तेव्हाच द्यायला हवं होतं.

टिनू: काका हरले 😂

डॉक्टर: हरलो नाही. उशिरा का होईना, मिळालं. आमच्याकडे पेशंटही बिल असंच देतात.

काकू: आपल्या शिरपूरच्या स्मिता पाटीलला तर दोन-दोन मिळाले होते. 'भूमिका' आणि 'चक्र'. तिशीसुद्धा गाठली नव्हती.

बापू सेक्रेटरी: काकू, त्यांचा जन्म पुण्याचा. वडील शिरपूरचे.

काकू: बापू, वडील शिरपूरचे म्हणजे लेक शिरपूरचीच. तुम्ही वॉल्व्हचं बघा.

आबा, ८:३१: आणि उलटंही बघा. येत्या १५ ऑगस्टला 'शोले'ला ५० वर्षं होतात. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. बायका भांडी घासताना गब्बरचे डायलॉग म्हणायच्या. त्या पिच्चरला फिल्मफेअरची बाहुली किती? एक. तीही संकलनाची, आणि ती मिळाली एम. एस. शिंदे या आपल्या मराठी माणसाला. त्या वर्षी बेस्ट पिच्चर 'दीवार'. तो काही लेचापेचा नव्हता, सलीम-जावेदचाच, अमिताभही तोच. पण 'शोले'च्या खुर्चीवर फक्त कात्री ठेवली गेली हे खरं.

शिंद्यांना लोक विसरले याचं मला जास्त वाईट वाटतं. ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो सीन आठवा. झोका रिकामा हलतोय, शेवटचं लेकरू समोर, गब्बर बंदूक उचलतो आणि गोळीच्या आवाजावर एकदम आगगाडी. लेकरू मरताना दिसतच नाही. मी तो सीन केबिनच्या झरोक्यातून दीडशेदा तरी पाहिला असेल. प्रत्येक वेळी आगगाडी आली की हॉलमधले लोक एकदम श्वास सोडायचे, तो आवाज वर केबिनपर्यंत यायचा. हे कात्रीचं काम. त्याला एक बाहुली मिळाली ती योग्य जागी गेली, असं मी अजून मानतो.

टिनू: आणि मोठं बक्षीस मालेगावनं दिलं. ५० किलोमीटरवर बसून स्वतःचा 'मालेगाव के शोले' काढला.

आबा: हो रे! असला मान कोणत्या समारंभात मिळतो? आमच्याकडे मालेगावची पोरं शुक्रवारचा पहिला शो बघायला येत. मोटारसायकलवर तिघं. त्यांच्या शिट्टीवरून मी सांगायचो पिच्चर किती आठवडे राहील.

टिनू: 'सैराट'ला काय सांगितलं होतं?

आबा: 'सैराट'च्या वेळी माझी रिटायरमेंट दोन महिन्यांवर होती. रिंकूला नॅशनलवाल्यांनी शाबासकी आधीच दिली होती, मार्चमध्ये. पिच्चर लागला एप्रिलच्या शेवटी. मी मालकाला म्हटलं, बक्षीसवाला पिच्चर, चार दिवस चालेल. दुसऱ्या दिवशी हाऊसफुल्लचा बोर्ड शोधायला माळ्यावर चढावं लागलं. त्यावर कोळ्यांची जाळी. धोतराच्या सोग्यानं पुसला. मराठीतला पहिला १०० कोटींचा पिच्चर, आणि माझा अंदाज चार दिवस. तेव्हापासून मी अंदाज सांगत नाही.

मीनाताई, ८:५२: मला एक सांगायचं आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३२ ला आपल्या धुळ्याच्या तुरुंगात होते, विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच तिथं उतरवून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. म्हणजे त्या पुस्तकावर आपला खान्देशचाही हक्क. आणि त्यावरच्या पिच्चरला पुरस्कार मिळाला तेव्हा ग्रुपवर पेढा कोणाचा? शाहरुखचा.

डॉक्टर: 🙏 ताई, चूक झाली. पण खरं सांगा, तो किती जणांनी पाहिला?

टिनू: पोल टाकतो.

पोल: 'श्यामची आई' (२०२३) किंवा 'नाळ २' थिएटरात तिकीट काढून पाहिला?
हो: १
नाही: १४
ओटीटीवर / फोनवर: ६
जवान पाहिला: १९

मीनाताई: एक मत माझं आहे.

बापू सेक्रेटरी: मी 'जवान'ला मत दिलं पण तो मी टीव्हीवर पाहिला. मत बदलता येतं का?

काकू: मी दोन ठिकाणी बोट लावलं, चालतं ना?

टिनू: आबा, तुमचं मत कुठे दिसत नाही.

आबा टाइप करत आहेत...

टिनू: आबा?

आबा, ९:२६: दोन्ही पिच्चर एकाच शुक्रवारी लागले होते, १० नोव्हेंबरला. दिवाळी होती. रविवारी 'टायगर ३' आला. नातवंडं सुरतहून आलेली, त्यांनी टायगरच पाहायचा म्हणून हट्ट धरला. चार तिकिटं मीच काढली. नंतर 'श्यामची आई' बघू म्हटलं, तर उतरला होता.

डॉक्टर: आबा, पेढा वर आणून देतो.

आबा: आणा. आणि वॉल्व्ह कोणी बंद केला का? पाणी पडल्याचा आवाज येतोय.